बाळाजी बुवांची तान

अण्णा जिना चढून येताहेत हे दिनानाथ बुवांना त्यांच्या खोकल्यावरून कळायचं, आणि कळल्याबरोबर अंगातलं उरलंसुरलं त्राण निघून जायचं. माणूस वाईट नव्हे हो. बेलवलीच्या माघी गणपती मंडळाचे अध्यक्ष, अंबरनाथच्या एका कारखान्यातून मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेले, दिल्या शब्दाला जागणारे. पण आपल्याला भजनातलं कळतं असा त्यांचा ठाम समज होता, आणि असा समज असलेल्या माणसासमोर चहा पीत बसायचं म्हणजे शिक्षाच.

त्या दिवशी ते आले, खुर्चीत टेकले आणि यंदा मंडळाची डबलबारी ठरल्याचं सांगितलं. डबलबारी म्हणजे दोन भजनी बुवा समोरासमोर, आपापली पेटी, पखवाज आणि कोरस घेऊन बसलेले. एकानं गायचं, दुसऱ्यानं त्याला गाण्यातच उत्तर द्यायचं, आणि वरचढ कोण ते लोकांनी घरी जाता जाता ठरवायचं. बुवांच्या समोर बसणार होता वांगणीचा सुजित बुवा. वय तिशीच्या आतबाहेर, पखवाजाच्या जोडीला ऑक्टोपॅड, अंगात चमकीचं जाकीट, आणि मोबाईलवर त्याचं भजन बघणारे हजारोंनी. अण्णांना तो डोळ्यांसमोर नको असायचा. मग बोलावलंत कशाला, असं बुवांनी विचारलं, तर म्हणाले, गर्दी कोण आणणार मग? आणि गर्दी आली की तुम्ही तिला दाखवून द्यायचं, जुन्या लोकांचं गाणं काय होतं ते.

बुवांनी मान डोलावली. पासष्टी उलटलेल्या माणसाला 'जुनं गाणं' म्हणून पुढं बसवायचं, म्हणजे त्याला शोकेसमध्ये ठेवण्यातलाच प्रकार. पण वाद घालायला अंगात दम लागतो. बारीच्या शेवटी, पखवाज-झांजा टिपेला पोचल्यावरचा बाळाजी बुवांचा गजर झालाच पाहिजे, तानेसकट, असं बजावून अण्णा उठले आणि दारात चपला घालता घालता ते नेहमीचं वाक्य बोलले.

"तुम्ही छानच घेता हो, बुवा. पण बाळाजी बुवांची ती तान... ती त्यांच्याबरोबरच गेली."

हे वाक्य दिनानाथ बुवा तीसेक वर्षं ऐकत होते. अंबरनाथला ऐकलं, उल्हासनगरला ऐकलं, लग्नाच्या पंगतीत ऐकलं, एकदा तर मयताला गेले असताना ऐकलं. बायको होती तोवर ती तरी चिडायची, म्हणायची, तुम्ही गप्प कसे बसता. ती गेल्यावर चिडणारंही कोणी राहिलं नाही.

आता इथंच सांगून टाकलेलं बरं. ती तान बाळाजी बुवांची नव्हतीच. ती या दिनानाथचीच होती.

बाळाजी बुवा म्हणजे त्या काळचं मोठं प्रस्थ. उंचापुरा माणूस, कपाळाला अबीर, शब्द असा टाकायचे की समोरचा बुवा गारद व्हायचा. गाणं बांधायचे, हजरजबाबी होते, यात खोटं काही नाही. फक्त वरचा सूर लागत नव्हता. गजर रंगात आला, झांजा कडाडायला लागल्या की बुवा पेटीवरचा उजवा हात वर उचलायचे, मान मागं टाकायचे आणि तोंड उघडायचे. त्यांच्या डाव्या खांद्यामागं बसलेला तरणाबांड दिनानाथ झांजेवर मान खाली घालून वरचा सा लावायचा, आणि तिथून जो सुटायचा तो थेट वरच्या मध्यमाला शिवून खाली यायचा. माईक मध्ये टांगलेला, सगळा आवाज एकाच भोंग्यातून बाहेर. लोकांना दिसायचं ते बुवांचं उघडं तोंड. लोक वेडे व्हायचे.

दिनानाथला सुरुवातीला याचा अभिमान होता. गुरूची सेवा म्हणायची. पुढं पुढं वाटायला लागलं, एकदा बुवांनी म्हणावं की हा सूर या पोराचा. फार नाही, एकदाच. बुवा कधी बोलले नाहीत. शेवटी एका बारीनंतर दिनानाथनं झांज खाली ठेवली, पाया पडला आणि परत गेला नाही. भांडण नाही, तंटा नाही. मनात मात्र गाठ बसली ती बसलीच.

स्वतःची बारी, म्हणजे स्वतःचा भजनी संच, उभी केली आणि मग खरा तमाशा सुरू झाला. तोच गळा, तीच तान, आता तर पुढं बसून, स्वतःच्या तोंडानं. लोक ऐकायचे, माना हलवायचे आणि म्हणायचे, बरा आहे, पण बाळाजी बुवांची सर नाही. सांगा आता. माणूस दुसऱ्याकडून हरला तर निदान त्याच्या नावानं बोटं मोडता येतात. दिनानाथ बुवा आयुष्यभर स्वतःच्याच गळ्याकडून हरत आले. आणि बोलायची सोय नव्हती, कारण बोलले तर लोक म्हणणार, बघा, गुरू मेल्यावर चेला त्याच्या तानेवर हक्क सांगायला निघाला.

मग वय झालं. पन्नाशीनंतर गळा दगा द्यायला लागला. एका बारीत वरच्या सावर आवाज फाटणार तेवढ्यात डाव्या खांद्यामागून कोणीतरी तो सूर अलगद उचलला. बुवांचं तोंड उघडं होतं ते तसंच राहिलं. टाळ्या पडल्या. मागं कमलेश बसला होता, उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात जीन्सच्या कारखान्यात कटिंग करणारा, नुकताच कोरसात आलेला. बुवा त्याला काही बोलले नाहीत, तोही बुवांना काही बोलला नाही. त्या दिवशी बुवांना घरी जेवण गेलं नाही. पुढच्या बारीला मात्र त्यांनी उजवा हात उचलला, मान मागं टाकली आणि तोंड उघडलं.

अण्णा येऊन गेले त्या रविवारी कमलेश तालमीला आला आणि बाकीचे गेल्यावरही बसून राहिला. त्याला स्वतःची बारी सुरू करायची होती. चैत्रात हनुमान जयंतीला मंडळाचं एक भजन असतं, ते मला द्या, असं म्हणून तो अण्णांकडे जाऊन आला होता. अण्णांनी त्याला चहा पाजला आणि सांगितलं, आजकालच्या पोरांच्या गळ्यात दम नाही रे, अजून दहा वर्षं बुवांच्या मागं बस, काहीतरी कानावर पडेल. कमलेश हे हसत हसत सांगत होता. हसणं काही खरं नव्हतं.

"बुवा, ज्या तानेला अण्णांच्या डोळ्यांत पाणी येतं ना, ती मी मारतो," तो म्हणाला. "एकदा माईकवर बोला. बस, एकदाच. नाय बोललात तरी मी भांडणार नाय. सुजित बुवानं बोलावलंय, तिकडं जाईन."

बुवा म्हणाले, बघू. दुसरं काय म्हणणार? हेच मागणं त्यांनी एका माणसाकडे मनातल्या मनात इतकी वर्षं केलं होतं. फरक इतकाच की या पोरानं तोंड उघडून मागितलं. बुवांना त्याचा रागही आला, हेवाही वाटला. आणि भीती वाटली, ती सगळ्यांत जास्त. हातात होतं काय त्यांच्या? पेन्शन तुटपुंजी, घरात एकटा जीव, लेक पुण्याला. दारावर 'ह.भ.प. दिनानाथ बुवा' अशी पाटी आणि तिच्यामागं एवढं एक नाव. बोलायचं म्हणजे ते नाव आपल्या हातानं पुसायचं. बरं, आपलं एकट्याचं पुसून भागतंय का? कमलेशचं खरं सांगायला गेलं की मागचंही निघणार. बाळाजी बुवांच्या म्हाताऱ्या बायकोच्या, गोजरबाईंच्या गाठीलाही नवऱ्याच्या नावापलीकडं काही नव्हतं.

माघी गणपतीला बारी संध्याकाळी दिवे लागायलाच सुरू झाली; हल्ली दहाला स्पीकर बंद करावा लागतो, पूर्वीसारखं उजाडेपर्यंत चालत नाही. मैदान भरलं होतं. पहिली बारी सुजितची. बुवा समोर मांडी घालून ऐकत होते आणि मनाशी कबूल करत होते की पोरगा चांगला आहे. ऑक्टोपॅड सोडा, ते जाकीटही सोडा. सूर स्वच्छ होता, शब्द कळत होते, आणि मध्येच त्यानं बुवांच्या गुडघ्यांवरून असा काही चिमटा काढला की बुवा स्वतः हसले. अण्णा शेजारून कुजबुजले, यात काय आहे, नुसता गोंगाट. बुवांना वाटलं, या माणसाला एकदा विचारावं की अण्णा, तुम्हाला ऐकू कशानं येतं, कानानं की वयानं?

त्यांची बारी आली. स्तवन झालं, अभंग झाला, सुजितच्या चिमट्याला त्यांनी बऱ्यापैकी उत्तर दिलं, लोक हसले. मग गजर. पखवाज चढायला लागला, झांजा उठल्या. लोक पुढं सरकले, कारण काय येणार ते सगळ्यांना ठाऊक होतं. अण्णांनी तर डोळे आधीच मिटले होते.

बुवांनी हात उचलला नाही. त्यांनी तोंड घट्ट मिटलं, पेटीवरचा माईक सोडवून घेतला, गुडघे आवळत अर्धवट मागं वळले आणि माईक कमलेशच्या तोंडापुढं धरला. कमलेश क्षणभर बावरला. पण सूर यायची वेळ झाली होती, आणि वेळ झाली की गळा थांबत नाही. त्यानं वरचा सा लावला. बुवा इतक्या जवळून ती तान प्रथमच समोर बघत ऐकत होते. एरवी ती पाठीत शिरायची. पोराच्या मानेची शीर फुगलेली दिसत होती. त्यांना आपल्या तरुणपणीच्या गळ्यासाठी हळहळ वाटली नाही. हा त्याहून बरा आहे, एवढंच त्यांच्या मनात आलं, आणि ते मनात आल्याचं त्यांना बरं वाटलं.

टाळ्या थांबल्यावर ते माईकवर बोलले. काही शिल्लक ठेवलं नाही. बाळाजी बुवांची म्हणून तुम्ही जी तान डोक्यावर घेतलीत ती त्यांची नव्हती, मी मागं बसून घेत होतो. आणि माझी म्हणून इतकी वर्षं जी ऐकलीत ती माझी नाही, ती या कमलेशची. माझा गळा कधीच गेला. मी नुसतं तोंड उघडत होतो.

लोक एकमेकांकडे बघायला लागले. आणि मग कोपऱ्यातून एक टाळी आली, तिच्यामागून दुसरी, आणि बघता बघता सगळं मैदान टाळ्या वाजवत उभं राहिलं. अण्णा डोळे पुसत शाल घेऊन वर आले. त्यांनी बुवांना ती पांघरली, माईक घेतला आणि सांगितलं, बघा, याला म्हणतात जुनी माणसं. स्वतःचं गाणं शिष्याच्या पदरात टाकतात आणि वर म्हणतात माझं काही नाही. आजच्या काळात आहे का कोणाकडं एवढी नम्रता?

झालं. बुवांच्या तेव्हा लक्षात आलं की आपण कुठं चुकलो. भजनी बुवा बसल्या बसल्या पहिलं वाक्य काय बोलतो? मी गाणारा नव्हे, हा आवाज माझा नव्हे, ही गुरूची कृपा. प्रत्येक बुवा बोलतो. दिनानाथ बुवा स्वतः जन्मभर हेच बोलत आले होते, आणि लोक जन्मभर त्यावर टाळ्या वाजवत आले होते. आता खरोखरच आवाज माझा नाही म्हटल्यावर कोण कशाला विश्वास ठेवील? त्यांनी परत माईक मागितला. तेवढ्यात दहा वाजले, मंडपाबाहेर पोलिसांची गाडी लागली आणि स्पीकर बंद झाला.

अण्णांनी खाली उतरता उतरता कमलेशच्याही पाठीवर थाप मारली. बरं घेतलंस, म्हणाले. सूर लागतो तुझा. पण बुवा घेतात तेव्हा अंगावर काटा येतो, तसं नाही झालं. आणखी काही वर्षं मागं बस. हनुमान जयंतीचं नंतर बघू.

कमलेश झांजा फडक्यात गुंडाळत होता. त्यानं अण्णांना हो म्हटलं. मग बुवांजवळ येऊन त्यांची पेटी उचलली, रिक्षात ठेवली आणि स्वतः बाहेरच उभा राहिला. त्याला काही तक्रार करायची नव्हती. सुजित बुवा सोमवारपासून ये म्हणतोय, असं त्यानं सांगितलं. तिकडं प्रत्येकाला वेगळा माईक असतो. बुवा म्हणाले, जा. आणखी काहीतरी बोलायला हवं होतं, पण रिक्षावाल्याला घाई होती.

दुसऱ्या दिवशी बुवा प्रसादाचे मोदक घेऊन अंबरनाथला गोजरबाईंकडे गेले. जायचं जिवावर आलं होतं. बाळाजी बुवा जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि काल भरल्या मैदानात आपण त्यांचं नाव धुळीला मिळवून बसलो होतो. लोकांना ते कळलं नाही ही गोष्ट वेगळी. या बाईच्या कानावर गेल्याशिवाय राहिलं नसणार, आणि दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा आपण पाय धरावेत हे बरं.

गोजरबाई पुतण्याच्या घरी खिडकीपाशी बसलेल्या होत्या, ऐंशी ओलांडलेल्या, नजर अधू, कान मात्र शाबूत. त्यांना आधीच कळलं होतं. मंडळातल्या कोणीतरी सकाळीच फोन केला होता की दिनानाथ बुवांनी काल गुरूसाठी आणि शिष्यासाठी काय सुंदर भाषण केलं. बुवा खाली बसले आणि एका दमात सांगून टाकलं की भाषण नव्हतं ते, खरं होतं, काकी, आणि मला माफ करा.

गोजरबाई हसल्या. दात नव्हते, पण हसणं मोठं होतं.

"तूच पहिला सांगणारा, असं वाटलं काय तुला?"

बुवांना कळेना. मग गोजरबाईंनी सावकाश सांगितलं. दिनानाथ सोडून गेला त्याच वर्षी दत्तजयंतीला बाळाजी बुवांनी गजर मध्येच थांबवला होता. पेटी मिटली आणि लोकांना म्हणाले, तान आजपासून नाही, तान घेणारा गेला. तो दिनानाथचा गळा होता, माझा नव्हे. लोकांना वाटलं, चेला गेल्याचं बुवांच्या मनाला लागलंय. बायाबापड्या रडल्या. कोणीतरी हार घातला. त्यानंतर त्यांनी तो गजर पुन्हा कधी घेतला नाही, आणि घेत नाहीत म्हणूनच त्याची कीर्ती आणखी वाढली.

"मला कोणी सांगितलं नाही," दिनानाथ बुवा म्हणाले.

"कोण सांगणार? खरं कोणाला वाटलं होतं? घरी आले आणि म्हणाले, ज्यानं ऐकायचं तोच नव्हता बघ. मी म्हटलं, जाऊन सांगा त्याला. तर म्हणाले, आता कुठल्या तोंडानं जाऊ."

बुवा भिंतीला टेकले. तीसेक वर्षं एक राग सांभाळला होता, जपून, कोणाला हात लावू न देता, आणि तो आता मांडीवरून घसरून पडल्यासारखा झाला. उचलायचं काही उरलं नव्हतं. त्यांनी उगीच विचारायचं म्हणून विचारलं, काकी, बुवांचा आवाज होता तरी का कधी?

"होता की रे. लग्न झालं तेव्हा काय आवाज होता. गिरणगावात त्यांच्या बुवांच्या मागं बसायचे. लोक म्हणायचे, त्या बुवांसारखी तान आता परत होणं नाही."

दिनानाथ बुवांना हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं, आणि ते काही केल्या थांबेना. एवढा मोठा माणूस मोदकाचा डबा मांडीवर घेऊन पोरासारखा रडत बसला. गोजरबाईंनी त्यांना रडू दिलं. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "काल तू बोललास, तेव्हा तो पोरगा कुठं होता?"

"माझ्या मागंच होता."

"त्यानं ऐकलं?"

"ऐकलं."

"मग ह्यांच्यापेक्षा तू बरा," गोजरबाई म्हणाल्या, आणि त्यांनी डबा आपल्याकडं ओढला.